चाल नसलेलं गाणं

आमच्या गाडीत एके काळी एक कॅसेट सारखी वाजत असे. रविवारी बाजाराला निघालो आणि मी ती लावली की शेजारी बसलेले आमचे हे एकदम खिडकीबाहेर बघायला लागत. मागच्या सीटवरून सहा वर्षांचे चिरंजीव विचारत, "आई, यात गाणं कधी सुरू होणार?"

प्रश्न रास्त होता. कॅसेटवर एक बाई गात होती. शब्द स्पष्ट होते, आवाज गोड होता, फक्त चालीचा पत्ता नव्हता. चार-पाच शब्द एकाच सुरावर, मग उगीचच वर एक उडी, मग जिना उतरताना पायरी चुकावी तसं धप्पकन खाली! गाण्यातले देखणे सूर आधी इतरांना वाटून टाकावेत आणि उरलेसुरले एकीच्या पदरात घालावेत, असा तो सगळा प्रकार होता. आणि झालंही होतं तसंच.

ही गोष्ट १९९४ सालची. आम्ही तेव्हा अमेरिकेत ओहायो राज्यात राहत होतो. मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते. एकदा तिथल्या एका सहकारी बाईंनी विचारलं, "मंगळवारी संध्याकाळी काय करतेस?" परदेशात नव्यानं राहणाऱ्या बाईला असं कुणी विचारलं की ती "काही नाही" असंच म्हणते. त्या मला एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये घेऊन गेल्या. पायऱ्यापायऱ्यांच्या मंचावर चाळीसएक बायका उभ्या होत्या. पियानो नाही, गिटार नाही, माइकसुद्धा नाही. संचालिकाबाईंनी खिशातून पेढ्याच्या डबीएवढी एक गोल फुंकणी काढली, तिच्यातून एक सूर वाजवला, हात वर केला आणि त्या चाळीसजणी गायला लागल्या. समोरची हवाच भरून आल्यासारखी वाटली. मी पुढच्या मंगळवारपासून जायला लागले.

वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांनी गायच्या या रीतीला पाश्चात्त्य संगीतात 'अ कापेला' म्हणतात. शब्द इटालियन, अर्थ 'चॅपलमधल्या रीतीनं'. आमचा कोरस त्यातल्या 'बार्बरशॉप' नावाच्या घराण्याचा होता. हो, बार्बरशॉप म्हणजे आपलं केशकर्तनालयच! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये केस कापायची दुकानं ही पुरुषांची गप्पांची जागा होती. नंबर येईपर्यंत एकानं एखादं गाणं सुरू करायचं आणि दुसऱ्या तिघांनी आपापल्या अक्कलहुशारीनं त्याला सूर जोडायचे. लुई आर्मस्ट्राँगसुद्धा न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर लहानपणी अशाच एका चौकडीत गात असे. पुढे १९३८ साली ओ. सी. कॅश आणि रूपर्ट हॉल या दोघांनी टल्सा शहरात या गाण्याच्या जतनासाठी संस्था काढली. पण ज्यांनी हे गाणं जन्माला घातलं त्या कृष्णवर्णीयांनाच त्या संस्थेची दारं १९६३ पर्यंत बंद होती. बायकांनी १९४५ मध्ये टल्सातच 'स्वीट ॲडलाइन्स' ही आपली वेगळी संस्था काढली. पुरुषांच्या संस्थेनं त्यांना सभासद करून घ्यायला २०१८ साल उजाडलं. गळ्यांचा मेळ जमतो, माणसांचा जमायला वेळ लागतो, तो असा.

यातली मांडणी सोपी आहे. चार ओळी असतात. मूळ चाल गाणारी ती लीड. तिच्या वर बारीक आवाजात टेनर, सगळ्यांच्या खाली बेस, आणि या तिघींनी सोडलेली फट भरून काढणारी ती बॅरिटोन. बॅरिटोन कधी लीडच्या वर जाते, कधी खाली येते. जिथे भोक दिसेल तिथे बोळा घालायचा, हे तिचं काम. माझा आवाज ऐकून संचालिकाबाई म्हणाल्या, "तुझा कान चांगला आहे, तू बॅरिटोन गा." मी हुरळून गेले. त्या ओळीत यायला कुणीच तयार नसतं, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

आता अडचण अशी की त्यांची पाच रेघांची स्वरलिपी मला वाचता येत नव्हती. आपलं शिक्षण सगळं गुरुमुखातून, ऐकून. पण माझ्या लक्षात आलं, की त्या चाळीसजणींतल्या निम्म्यांनाही ती वाचता येत नव्हती! कुणी शिक्षिका होती, कुणी बँकेत, कुणी नुसती आजी. त्या सगळ्या शिकत होत्या कॅसेटवरून. प्रत्येक गाण्याच्या चार कॅसेटी असत, प्रत्येक ओळीची एक. त्यांची रचना मोठी हुशारीची होती. डाव्या स्पीकरमधून फक्त तुमची ओळ आणि उजव्यामधून बाकीच्या तिघींचं गाणं. टेपरेकॉर्डरला आवाज डावीउजवीकडे सरकवायचं एक बटण असतं. आपल्याकडे ते बटण कुणी कधी फिरवल्याचं मला आठवत नाही. पण या शिक्षणाची सगळी किल्ली त्या बटणात होती.

आधी ते डावीकडे न्यायचं आणि आपली ओळ इतकी ऐकायची की भांडी घासतानाही ती तोंडात यावी. मग मधे आणायचं आणि बाकीच्या तिघींच्या गर्दीत आपली वाट न सोडता चालायला शिकायचं. शेवटी बटण पूर्ण उजवीकडे. आता तुमची ओळ गायब, उरलेल्या तिघी गातायत, आणि मधली मोकळी जागा तुम्ही भरायची. कामावर जाताना चाळीस मिनिटं आणि येताना चाळीस मिनिटं हा माझा रियाज चाले. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं माझ्याकडे काळजीनं बघत.

या घोटवण्यात एकदा कहरच झाला. त्यातलं एक गाणं अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना पाठ असणारं होतं. आमच्या चिरंजिवांनी ते फक्त गाडीत ऐकलेलं, म्हणजे बॅरिटोनमध्ये. वर्गात सगळी मुलं ते मूळ चालीवर म्हणायला लागली तेव्हा यांनी खणखणीत आवाजात आपली ओळ लावली. बाईंची चिठ्ठी घरी आली : मुलगा उत्साही आहे, पण बाकी सगळे चुकताहेत असं त्याचं म्हणणं आहे.

मी हसले खरी, पण पुढच्याच मंगळवारी माझीही तीच गत व्हायची होती.

त्या गाण्याची माझी ओळ मुखोद्गत होती. कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द किती लांबवायचा, सगळं कॅसेटबरहुकूम. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्यापासून काहीतरी बिनसायला लागलं. संचालिकाबाईंनी थांबवलं. एकेक ओळ वेगळी गाऊन घेतली, मग बॅरिटोनमधल्या एकेकीला. शेवटी त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. वाद्याचा आधार नसला की मोठा समूह गाता गाता हळूहळू किंचित खाली उतरतो. त्या दिवशी सगळ्याजणी मिळून केसभर खाली आल्या होत्या. मी मात्र कॅसेटच्या सुराला घट्ट धरून जिथल्या तिथे उभी! बाई म्हणाल्या, "तू अगदी बरोबर गातेस. पण कुणाबरोबर?"

त्यांना मराठी येत नव्हतं. मी मनातल्या मनात ते वाक्य मराठीत घेतलं तेव्हा मला 'बरोबर' या आपल्या शब्दाची गंमत कळली. आपण 'अचूक' यालाही बरोबर म्हणतो आणि 'सोबत' यालाही. पहिलं बरोबर मला कॅसेटनं शिकवलं होतं. दुसरं तिच्या हाती नव्हतं, कारण कॅसेट गाते, पण ऐकत नाही. मी चुकले तरी ती थांबत नाही, मी दमले तरी ती सावरून घेत नाही.

आपल्याकडेही ध्वनिमुद्रिकांवरून शिकलेली थोर माणसं आहेत. कुमार गंधर्व लहानपणी नामवंत गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत आणि मैफलीच्या मैफली थक्क होत. पण नंतर ते मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे गेले, आणि दुसऱ्याची नक्कल करणाऱ्या मुलाचा स्वतःचं गाणारा गवई झाला. भीमसेन जोशी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून झपाटले, आणि झपाटून काय केलं? घर सोडून गुरूच्या शोधात निघाले. तबकडीनं भूक लावली. जेवायला माणसाकडेच जावं लागलं.

माझ्या बाबतीत ते माणूस कोण असेल, याची मला त्या वेळी कल्पना नव्हती.

१९९५ च्या दिवाळीनंतर बाबा गेले. पुढच्या मे महिन्यात मी आईला ओहायोला घेऊन आले. आईचं माहेर मिरजेचं, तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. भोपळे वाळत घातलेले, तारा छेडून बघणारी माणसं, हे बघत-ऐकत ती वाढली. तिची आत्या गायची आणि आई तिच्या मागे तंबोऱ्यावर बसायची. लग्न होऊन सासरी आल्यावर ते संपलं. तंबोरा माहेरीच गवसणीत राहिला आणि पुढे कुणाला तरी देऊन टाकला. मी तिला देवघरात आरतीपलीकडे गाताना कधी ऐकलं नाही. बाबा गेल्यावर तर ती बोलायचीही कमी झाली होती. दिवसभर खिडकीशी बसून असायची. विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, बघतीय रस्ता."

एकदा मी स्वयंपाकघरात कॅसेट लावली होती. आईनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "कोण गं ही? वाट चुकल्यासारखी गातीय की!"

मी तिला चार ओळींची भानगड समजावून सांगितली. तिला ती फारशी पटली नाही. चारजणींनी चार सूर लावायचे म्हणजे आपल्याकडे भांडण. शेवटी एका मंगळवारी मी तिला हॉलमध्येच घेऊन गेले. नऊवारी नेसलेली आई मागच्या खुर्चीवर पर्स मांडीवर धरून दोन तास बसली. परतताना गाडीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गाणं संपताना वर एक फार बारीक आवाज येत होता. ती मुलगी कुठं उभी होती? मला दिसली नाही."

तशी कुणी मुलगी नव्हती. टेनरच्या वर गाणारं आमच्यात कुणीच नव्हतं. मी तसं सांगितल्यावर आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग गंधार बोलत असेल."

वाचकहो, माझ्या अंगावर काटा आला. बार्बरशॉप गाणारे ज्या गोष्टीसाठी जिवाचा आटापिटा करतात, ती आईनं पहिल्याच दिवशी ऐकली होती. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यात न लावलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तार एका सेकंदाला शंभर वेळा हलत असेल, तर तिच्या पोटात दोनशे, तीनशे, चारशे, पाचशे अशीही आंदोलनं असतात. त्यातली पाचवी पायरी म्हणजे गंधार. गळ्याचंही तसंच. एकीनं दोनशे आंदोलनांचा षड्ज लावला आणि दुसरीनं तीनशेचा पंचम, तर पहिलीची तिप्पट आणि दुसरीची दुप्पट सहाशेवर येऊन मिळते. दोघींच्या पोटातला तो सूर असा बळकट होतो, की कुणीही न गायलेला आवाज वर तरंगताना ऐकू येतो. मात्र सूर तंतोतंत लागले तरच. जराशी कसर राहिली की गंधार रुसतो.

आणि इथेच पियानोवर किंवा कीबोर्डवर तयार केलेल्या कॅसेटी फसवतात. पियानोत बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. त्या एका अंतराचे शंभर भाग केले, तर नैसर्गिक गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे चौदा भाग खाली असतो. बार्बरशॉपच्या लाडक्या स्वरमेळातला कोमल निषाद तर एकतीस भाग खाली. आपल्याकडे १९४० पासून कित्येक वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, त्यामागे आपल्या स्वरांना पेटीत जागा नाही ही तक्रार होतीच. म्हणून चांगल्या सरावफितीत चारही ओळी माणसाच्या गळ्यातूनच गाऊन भरलेल्या असतात. तरीही शेवटचा तो केसाएवढा फरक शेजारणीचा आवाज ऐकूनच साधायचा असतो.

त्या उन्हाळ्यात आमची परीक्षा आली. कोरसची स्पर्धा होती, आणि मंचावर उभं राहायचं असेल तर प्रत्येकीनं आपली ओळ एकटीनं, कशाच्याही साथीशिवाय, कॅसेटवर गाऊन द्यायची होती. बॅरिटोनचं एकटीनं गायचं म्हणजे खांब नसलेल्या मांडवावर चढायचं. पहिल्या वेळी माझी कॅसेट शेऱ्यासह परत आली : शब्द चोख, पण शेवटी पोहोचेपर्यंत सूर उतरला. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्यांदा भरायला बसले तेव्हा मी अगदी रडकुंडीला आले होते. मुलगा झोपला होता, हे बाहेरगावी होते. स्वयंपाकघराच्या टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला, तोंडानं सूर धरला आणि डोळे मिटून सुरुवात केली.

दुसऱ्या ओळीच्या सुमारास पाठीमागून काहीतरी ऐकू आलं. आई दारापाशी उभी होती. तोंड मिटून तिनं षड्ज धरला होता. गाण्याचा एक शब्द तिला कळत नव्हता, चालीशी देणंघेणं नव्हतं. ती फक्त सा लावून उभी होती, लहानपणी आत्याच्या मागे बसायची तशी. श्वास संपला की घ्यायची आणि पुन्हा तिथेच यायची. माझ्या त्या वेड्यावाकड्या ओळीला एकाएकी जमीन मिळाली. कुठला सूर कुठे टेकतो, कुठला अधांतरी राहतो, हे मला प्रथमच कळलं. गाणं संपलं. आई म्हणाली, "आता झोप. उशीर झाला." आणि आत निघून गेली.

साथीशिवाय गायचं, हा नियम मोडला होता. पण पुन्हा भरायचं माझ्या जिवावर आलं. मी कॅसेट तशीच दिली. आठवड्यानं ती परत आली. आत चिठ्ठी होती : उत्तीर्ण. मागे कोण आहे? तिलाही घेऊन ये.

आई आली नाही. "मी कशाला त्या पोरींच्यात?" म्हणाली. पण ऑक्टोबरात परत जाईपर्यंत संध्याकाळी दिवा लावताना ती गुणगुणायला लागली होती, आणि मिरजेच्या त्या गल्लीबद्दल, आत्याबद्दल, जवारी लावताना तारेखाली सरकवायच्या दोऱ्याबद्दल मला कधी न सांगितलेलं बोलायला लागली होती.

त्याला आता खूप वर्षं झाली. कॅसेटी गेल्या. सरावाचं गाणं आता फोनवर येतं, चारही ओळी बोटानं लहानमोठ्या करता येतात, वेग कमी करता येतो. अमेरिकेतल्या आपल्या मुलांनीही ही कला उचलली. १९९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 'पेन मसाला' हा गट काढून हिंदी गाणी नुसत्या गळ्यांवर म्हणायला सुरुवात केली. २०१० मध्ये एरिक व्हिटेकर या संगीतकारानं तर बारा देशांतल्या १८५ जणांना घरोघरी एकेकट्यानं गायला लावून त्या चित्रफितींचा एक कोरस जुळवला. १० मार्च २०२० ला वॉशिंग्टन राज्यातल्या एका कोरसच्या तालमीला ६१ जण जमले आणि त्यातल्या बहुतेकांना करोना झाला, दोघं दगावले. मग जगभरचे कोरस बंद पडले, आणि सगळेच कानात तार घालून घरी एकटे गायला लागले. इंटरनेटवरून आवाज पोचायला जो क्षणाचा उशीर लागतो, त्यामुळे एकाच वेळी गाणं जमेना. जोडलेलं गाणं सुरेख व्हायचं. पण गाताना कुणालाच कुणी ऐकू येत नव्हतं. माझ्या जुन्या मैत्रिणी फोनवर म्हणत, "सगळं बरोबर होतंय गं, तरी चुकल्यासारखं वाटतंय." मला कळायचं.

आई २००९ साली गेली. आम्ही आता पुण्यात असतो. मागच्या वर्षी चिरंजीव सुट्टीवर आले होते. वर्गात एकट्यानं बॅरिटोन गाणारे तेच. माळ्यावर त्यांना ती कॅसेट सापडली. कुठून तरी टेपरेकॉर्डर पैदा करून त्यांनी ती संगणकावर घेतली, कानाला हेडफोन लावून ऐकली आणि म्हणाले, "आई, तुझा आवाज छान आलाय. मागे एक सारखी गुंगुं आहे, फ्रीजची असेल. एक बटण दाबलं की निघून जाईल. काढू?"

मी त्याच्या हातातला माऊस आधी बाजूला ठेवला आणि मग त्याला सांगायला बसले.